अज्जाचा आवाज

चामराजपेट, बेंगळुरू
९ जानेवारी २०२५

देवू,

तुझा माणूस काल येऊन गेला. योगीराज त्याचं नाव. चप्पल बाहेर काढली, आधी पाणी मागितलं, मग काम सांगितलं. म्हणजे बऱ्या घरात वाढलेला आहे. निपाणीकडचा. त्याची मराठी आपल्यासारखीच कानडीत भिजलेली.

"अक्का, स्वल्प काम होतं. ‘चुक्की नौके’ सिनेमाचा दुसरा भाग काढतोय आम्ही. फत्तेसिंगरावांचा आवाज पाहिजे होता."

मी म्हटलं, "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. असते तर त्यांनाच नेलं असतं," म्हणाला, आणि मग जीभ चावली.

कॉफी दिल्यावर त्याने नीट समजावलं. पहिल्या सिनेमासाठी तुझ्या बाबांनी जे काही बोलून ठेवलंय ते सगळं कॉम्प्युटरला ऐकवायचं. मग आपण कुठलंही वाक्य लिहून दिलं की कॉम्प्युटर ते त्यांच्या आवाजात म्हणणार. त्यांनी जन्मात कधी न म्हटलेलं वाक्यसुद्धा. त्याला बायकोची परवानगी लागते. कागद वर इंग्रजीत, खाली कानडीत. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या कपाळावर होता. त्याने तो पाहिला. "सरी अक्का, सावकाश वाचा," म्हणाला आणि कागद ठेवून गेला.

तू का आला नाहीस? पहिल्या सिनेमाच्या खेळातून मी अर्ध्यात उठून आले, तेव्हापासून तू या घरात पाहुण्यासारखा येतोस. वर्षश्राद्धाला आलास, जेवलास, पान लावायच्या आत गेलास. सर्जापूर रोड काही परदेश नाही. ज्याने स्वतःच्या बापाला अंतराळयानाचा मेंदू केलं, त्याला आईकडे यायला मधला माणूस लागावा?

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात तुला ऐकून घ्यावं लागतं.

मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही.

आई


२८ जानेवारी

देवू,

तुझा मेसेज मिळाला. इंग्रजी अक्षरांतली मराठी मला जमत नाही, वरच्या मजल्यावरच्या महानंदाने वाचून दाखवली. त्यामुळे तू काय लिहिलंस ते आता तिलाही माहीत आहे, आणि वाचताना तिने दोनदा नाक पुसलं. पुढच्या वेळी नागरीत लिही. शाळेत हिंदी होतं तुला. मी कानडी शाळेत शिकलेली बाई लग्नानंतर मराठी मंडळाच्या वाचनालयातली पुस्तकं लावून लावून मराठी वाचायला शिकले. तुला काय धाड भरली?

तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, अज्जाचा आवाज नसेल तर निर्माता पुढे पैसा घालणार नाही आणि झालेलं अर्धं शूटिंग तसंच पडून राहील. दोन, "त्या दिवशी इंटरव्हलला का उठलीस ते आधी सांग."

सांगते.

यानाचं सगळं चालवणारं ते यंत्र, ज्याला तुझी माणसं आजोबा समजून ‘अज्ज’ म्हणतात, त्याला तू बाबांचा आवाज दिलास. त्यात काही चुकलं नाही. जन्म टेलिफोनच्या कारखान्यात गेला, पण गल्लीतल्या गणपतीच्या नाटकात यम म्हटला की हेच. त्यांना हौस होती. सिनेमा लागायच्या आधी ते गेले. मग मी त्या थिएटरात बसले आणि चारी भिंतींतून ते बोलायला लागले.

माणूस गेला की त्याचा आवाज घरातून एकदम जात नाही. आधी न्हाणीघरातला जातो. मग जेवतानाचा. मग सकाळी पेपर वाचताना स्वतःशीच चिडायचे, तो. मला त्याची सवय होत आली होती. तेवढ्यात तू तो एवढा मोठा करून परत लावलास.

पण नुसतं तेवढंच असतं तर रडत का होईना, मी शेवटपर्यंत बसले असते. मी उठले कारण ते जे बोलत होते ते, ते कधीच बोलले नसते. "हे मानवांनो, या अनंत विश्वात..." तुझे बाबा! मी ग्रहताऱ्यांची गोष्ट वाचून दाखवायला लागले की जे म्हणायचे, "तुझी कुठली मावशी राहते गं तिकडे?" आवाज त्यांचा आणि तोंड तुझं. बाहेर उभी राहून मी हेच म्हणाले. तुला लागलं. लागण्यासारखंच होतं.

परवा महानंदाच्या फोनवर मी तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. यानाचा आकार छान आहे. ती हिरवी धूळ कशाची केली होतीस, मेंदीची का? पण तुझ्या सिनेमात प्रश्न पडायच्या आधी उत्तर येतं. अज्ज तोंड उघडतो आणि शाळा भरते. आग लागली की आग म्हणजे काय ते सांगतो. प्रेम झालं की प्रेम म्हणजे काय ते सांगतो. ती चहा देणारी मुलगी सगळ्यांत हुशार दिसते आणि तिला एक वाक्य नाही. लहानपणी तुला गोष्ट सांगताना मी मध्येच थांबायचे ना? तू म्हणायचास, "मग? मग काय झालं?" त्या ‘मग’साठीच थांबायचे. सिनेमात तू कुणाला ‘मग’ म्हणूच दिलं नाहीस.

कागदाचं म्हणशील तर मी विचार करते आहे. यंत्राचा आवाज वाईट निघेल म्हणून मी अडले आहे असं समजू नकोस.

गाडी सावकाश चालव.

आई


१६ मार्च

देवू,

योगीराजने मला काल महादेवपुऱ्याच्या त्या स्टुडिओत नेलं. मार्केटहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून. तू म्हणे तिकडे मंड्याला शूटिंगवर होतास. बरं झालं. तू समोर असतास तर मी तोंड नीट ठेवत बसले असते.

खोलीत इतकी थंडी की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. यंत्रावर बसणारी मुलगी, रक्षिता, चांगली आहे. तिने स्वतःचा स्वेटर दिला. मग कानांवर ते दोन डबे चढवले. "आंटी, रेडी?" म्हणाली. मी खुर्चीचा हात धरला.

आणि ते बोलले.

"सकवारबाई, कशी आहेस? जेवलीस का?"

देवू, मी हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. रक्षिताला वाटलं मी रडते आहे, ती पाणी आणायला पळाली. योगीराज दारातच उभा, "अय्यो अक्का, अय्यो अक्का" करत.

आवाज हुबेहूब होता. घशातली ती बारीक खरखरसुद्धा. पण सकवारबाई? उभ्या संसारात तुझ्या बाबांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "अगं ए." "ऐकलंस का." चार माणसांत असले तर "देवूची आई." तुझ्या वेळी दवाखान्यात नर्सने बायकोचं नाव विचारलं, तर हे तुझ्या आजीच्या तोंडाकडे बघायला लागले. मी तरी त्यांचं नाव कुठे घेतलं? लग्नात उखाण्यात एकदा, सासूबाईंनी दार अडवलं म्हणून. योगीराजच्या कागदावर नवऱ्याचं नाव विचारलं होतं, तेही मी लिहूनच दिलं.

रक्षिता म्हणाली, "पण आंटी, ते वाक्य सरांनी स्वतः लिहून पाठवलंय." म्हणजे तू. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस ते कळलं. या घरात वाढलास आणि तुला हे कधी ऐकूच आलं नाही, याचं मला नवल वाटलं नाही. आईबाप एकमेकांना कशी हाक मारतात ते मुलांना ऐकू येत नाही. डोक्यावरचा पंखा ऐकू येत नाही, तसंच.

आता सांगते मला भीती कशाची होती. आवाज वाईट निघेल याची नव्हती, चांगला निघेल याची होती. वाटत होतं, ते बोलतील आणि मी ओ देईन. मग घरी येऊन परत कधी ऐकायला मिळेल याची वाट बघत बसेन. मंडळातल्या एका पुस्तकात अशी एक बाई होती, तिचं पुढे काही चांगलं झालं नाही.

पण हे ते नव्हतेच. कुणीतरी नकला करणारा, चांगला नकला करणारा. त्याला काय भ्यायचं? रक्षिताचं पेन घेतलं आणि तिथेच सही करून टाकली. एवढ्याशा गोष्टीसाठी तुझं काम कशाला अडवू? बोलू दे त्या अज्जाला काय बोलायचं ते.

परत येताना योगीराजने मसाला डोसा खाऊ घातला. किती तरी दिवसांनी मला झोप चांगली लागली.

आई


२० एप्रिल

देवू,

काल तू फोन केलास आणि माझं वाक्य पुरं होऊ दिलंस. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलं आहे.

तू जे सांगितलंस ते मी इथे परत लिहिते आहे, कारण फोनवर मला नीट ऐकवेना. माझं पत्र वाचून तू म्हणालास, चूक झाली, दुरुस्त करू. स्टुडिओत गेलास. त्या यंत्राला नवं वाक्य दिलंस: "अगं ए, ऐकलंस का?" बटण दाबलंस. आणि विचार करायच्या आत तुझ्या तोंडून गेलं, "बाबा, ती बाहेर गेली आहे."

मग तू खुर्चीवरून उठलास तो परत त्या खोलीत गेला नाहीस.

म्हणजे माझंच चुकलं होतं. तो नकला करणारा नव्हता. त्याला फक्त शब्द मिळाले नव्हते, आणि ते शब्द माझ्या पत्रातून तुझ्या हाताने त्याला मिळाले. मी निर्धास्त झाले होते ती उगाच. तू म्हणालास, "आई, मी तो वापरणार नाही. अज्ज दुसऱ्या भागात बोलणारच नाही." आणि मग म्हणालास, "पण तू सही का केलीस गं?"

यावर मी फोन ठेवला, ते रागाने नव्हे.

निर्माता म्हणतो कागद त्याच्याकडे आहे, आवाज आता पक्का जमला आहे, मग अडलं कुठे? त्याच्या बाजूने बरोबरच आहे. पण देवू, तो आवाज त्या शब्दांनी थिएटरात लावला, तर गावोगाव अनोळखी माणसं ऐकतील, "अगं ए." ते घरातलं आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या पलीकडे ते कधी गेलं नव्हतं.

२३ एप्रिल

पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, बरंच झालं. आज मी योगीराजला घेऊन तुझ्या निर्मात्याच्या ऑफिसात गेले. तुला न विचारता. माणूस वाईट नाही. खाली वाकला, नमस्कार केला, कॉफी मागवली. मी म्हटलं, माझा कागद परत द्या.

तो म्हणाला, "अम्मा, जनांना अज्ज पाहिजे. पहिला भाग लोकांनी फोनवर बघितला तो अज्जासाठी. त्याला मुका केला तर मला लोक मारतील."

मी म्हटलं, "तो फार बोलतो म्हणून मीच उठून गेले होते. मी पण जनच आहे."

तो हसला. योगीराजने कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं.

"सरी. पूर्ण सिनेमाभर मुका राहू दे," म्हणाला. "शेवटी एक वाक्य. एकच. टाळ्यांसाठी. अम्मा, तुमच्याच यजमानांना टाळ्या मिळतील."

"त्यांनी यमाचं काम करून पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत. त्यांना नकोत," मी म्हटलं.

कागद दिला नाही. विचार करतो म्हणाला. बाहेर येऊन मी योगीराजला विचारलं, काय करेल? तो म्हणाला, "अक्का, विचार करतो म्हणाला ना, म्हणजे करणार नाही असं नाही. पण करेलच असंही नाही." असा माणूस तुला जन्मभर पुरेल.

तू तुझा सिनेमा तुला हवा तसा पुरा कर. त्या शेवटच्या वाक्याचं काय ठरलं ते मला सांगू नकोस. खेळाला मी येईन. आधी कळलं तर एक तर मी यायची नाही, नाही तर भलतीच तयारी करून येईन. या वेळी काहीही झालं तरी मी उठणार नाही, एवढं तुला लिहून देते.

आई


चामराजपेट
१३ डिसेंबर, सकाळ

देवू,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू आतल्या खोलीत झोपला आहेस, पाय चादरीबाहेर काढून. कालचं सगळं तोंडाने सांगायला मला एक दिवस कमी पडेल, म्हणून आधी लिहून काढते आहे.

काल मी तुझ्यापासून लांब बसले, महानंदाला बरोबर घेऊन. तू पुढच्या बाजूला होतास आणि पडद्याकडे बघतच नव्हतास, माझ्या खुर्चीकडे बघत होतास. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा तू अर्धा उठलाससुद्धा. मी मुद्दाम पॉपकॉर्न मागवलं.

आता सिनेमाचं. ती चहा देणारी मुलगी या वेळी कप्तान आहे, हे बघूनच मला बरं वाटलं. यानाला आग लागून अज्जाचा आवाज जळून गेलेला. त्याला सगळं ऐकू येतं, बोलता येत नाही. दिवा लावणं, दिवा विझवणं, दार उघडणं, दार लावणं, एवढंच हातात. आणि तुझी माणसं सवयीने त्याला सगळं सांगत राहतात. भांडण झालं तरी सांगतात, भाजी बिघडली तरी सांगतात.

त्या दाराच्या जागी तर तू कमाल केलीस. अज्ज दार उघडत नाही. ती पाच माणसं त्याला शिव्या देतात, लाथा घालतात, म्हातारा बिघडला म्हणतात. आणि काचेपलीकडे वाळत घातलेली ओली चादर हळूहळू गोठून कडक होते. कुणी काही बोलत नाही. मला कळलं, पलीकडे हवा नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाला कळलं. "अय्यो!" असा आवाज सगळ्या थिएटरातून एकदम आला, आणि पडद्यावरच्या त्या पाच जणांना त्यानंतर कळलं. पहिल्या भागात अज्जाने इथे उभं राहून हवेवर भाषण दिलं असतं.

सगळ्या सिनेमात मी अशी बसले होते की पुढचं वाक्य त्यांचं असेल. तुझ्या निर्मात्यावर माझा विश्वास नव्हता. शेवटी ती मुलगी एकटी उरते, यान कोसळणार, तिला छोट्या होडीतून निघून जायचं आहे. ती दारात थांबते आणि विचारते, "अज्ज, मी निघू?"

मी महानंदाचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वळ आज माझ्या तळव्यावर आहे. आता बोलतील, मी मनात म्हटलं. आता.

कुणी बोललं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागून एक म्हातारा माणूस, अगदी साध्या आवाजात, पडद्याला म्हणाला, "होगम्मा, होगु." जा बाळ, जा. कुणी हसलं नाही. मग त्या यानातला तिच्यामागचा दिवा विझला, तिने वाट बघत बसू नये म्हणून, आणि ती गेली.

माझ्या अंगातला जोरच गेला, देवू. चांगला गेला. भरलेली घागर कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावी तसं झालं. महानंदा विचारत होती, "अक्का, बऱ्या आहात ना?" आणि मी नुसती मान हलवत होते.

योगीराज बाहेर भेटला. म्हणाला, निर्मात्याने दोन्ही शेवट तयार करून परक्या माणसांना दाखवले होते. वाक्य असलेल्या शेवटाला टाळ्या पडल्या आणि माणसं लगेच मोबाईल काढून उठली. दुसऱ्या शेवटाला कुणी जागचं हललं नाही. निर्माता स्वतःही बसून राहिला. मग त्यानेच रक्षिताला सांगून तो आवाज पुसायला लावला आणि कागद फाडला. "मला लोक मारतील म्हणत होता," योगीराज म्हणाला, "आता म्हणतो कल्पना त्याचीच."

म्हणू दे.

मग तू आलास, गर्दीतून. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. "कसा वाटला?" म्हणालास. आणि मी म्हणाले, "एसी फार होता." तुझा चेहरा मी पाहिला. तू रिक्षा केलीस, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडलास, इथे आलास, दोन भाकऱ्या खाल्ल्यास, पहिल्या भागातलं काय काय चुकलं ते सांगत राहिलास, आणि बोलता बोलता आडवा झालास. मी फक्त "हं" म्हणत होते.

सिनेमा चांगला झाला आहे. पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला. थिएटराबाहेर मी हे म्हणाले नाही, कारण तू विचारलंस तेव्हा माझ्या घशातून आवाज निघत नव्हता. एसीचं म्हणाले ते तेवढंच निघालं म्हणून.

आता निघेल. पाणी तापलं आहे. उठवते तुला, आणि सांगते.